मार्कडाउनचं एचटीएमएल होताना मराठी मजकूर बिघडतो तेव्हा कुठून तपासायला लागायचं

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या वाचनालयांच्या, साहित्य संघांच्या, पतसंस्थांच्या छोट्या वेबसाइट मी सांभाळतो. पद्धत सगळीकडे साधारण एकच. मजकूर मार्कडाउनमध्ये, म्हणजे स्टार, हॅश अशा साध्या खुणा देऊन लिहायचा, फाइलींच्या जुन्या-नव्या प्रती सांभाळणाऱ्या गिटवर चढवायचा, सर्व्हरवर बिल्ड चालतो आणि एचटीएमएलची पानं तयार होतात. साधन ह्यूगो असो, जेकिल असो की इलेव्हन्टी, फोन ठरलेला असतो: "सर, पानावर नुसते स्टार दिसालेत बघा. सॉफ्टवेअर बिघडलंय काय?"

सॉफ्टवेअर क्वचितच बिघडलेलं असतं. दोष बहुतेक वेळा मूळ फाइलीत असतो, तोही मराठी लिहिण्याच्या आपल्या सवयींत. शब्दाला चिकटलेला प्रत्यय, देवनागरी अंक, परिच्छेदाच्या सुरुवातीला सोडलेली जागा. जॉन ग्रूबरने २००४ साली मार्कडाउन काढलं ते साध्या ईमेलमध्ये लोक जसं लिहितात त्यावरून, आणि ती ईमेल इंग्रजीतली होती. म्हणून कन्व्हर्टरचं, म्हणजे मार्कडाउनचं एचटीएमएल करणाऱ्या प्रोग्रॅमचं, व्हर्जन बदलण्याआधी फाइल उघडा.

लक्षणं

आधी आपल्या पानावर यातलं नक्की काय होतंय ते ठरवा.

- काही शब्द नीट ठळक होतात, काहींच्या दोन्ही बाजूंना स्टार तसेच राहतात.
- अभंगाच्या किंवा पत्त्याच्या ओळी एकमेकींना जोडून सलग परिच्छेद होतो.
- एखादा परिच्छेद करड्या चौकटीत, टाइपरायटरसारख्या अक्षरांत, उजवीकडे पानाबाहेर पळतो.
- साधा मजकूर अचानक भलामोठा मथळा होतो, किंवा मथळ्याच्या आधीचा हॅश (#) जसाच्या तसा छापला जातो.
- क्रमांक घातलेली यादी एका ओळीत गोळा होते, किंवा क्रमांकच बदलतात.
- पानाच्या डोक्यावर शीर्षक, तारीख, लेखक अशा ओळी दिसतात, नाहीतर बिल्डच थांबतो.
- लेख चढवला, बिल्ड यशस्वी झाला, तरी पान नाही.
- लॅपटॉपवर सगळं ठीक, सर्व्हरवर फोटो गायब.

फुकटातल्या तपासण्या

पहिल्यांदा ब्राउझरच्या खासगी खिडकीत पान उघडा. जुनं पान साठवलेलं असेल तर तुम्ही कालचाच दोष बघत बसता. मग त्या पानाचा सोर्स, म्हणजे ब्राउझरला मिळालेलं मूळ एचटीएमएल, बघा. सोर्समध्येही स्टार तसेच असतील तर रूपांतरच झालेलं नाही, आणि पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. सोर्समध्ये ठळकचा टॅग बरोबर आहे, पण अक्षरं ठळक दिसत नाहीत, तर दोष पानाची सजावट ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये किंवा फॉन्टमध्ये आहे. मार्कडाउनची फाइल कितीही घासलीत तरी मग उपयोग नाही. ही एक तपासणी न केल्यामुळे लोक संध्याकाळच्या संध्याकाळ घालवतात.

पानच नसेल तर फाइलीच्या डोक्यावरचा मसुद्याचा शेरा काढलाय का बघा, आणि नंतर तारीख. बरीच साधनं पुढच्या तारखेचा लेख बिल्डमध्ये घेत नाहीत. बिल्ड सर्व्हरचं घड्याळ बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतं, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. ह्यूगोत टाइमझोन न देता सकाळी ६ ची वेळ लिहिली तर ती यूटीसीतली धरली जाते, म्हणजे आपले ११.३०. सकाळी सात वाजता चढवलेली संमेलनाची निमंत्रणपत्रिका त्याच्या लेखी अजून भविष्यातली असते. आणि साडेअकरा वाजले म्हणून ती आपोआप उगवत नाही, कारण पानं बिल्डच्या वेळीच तयार होतात. पुन्हा बिल्ड चालवावा लागतो. वेळेच्या शेवटी +०५:३० हे इंग्रजी अंकांत जोडलं की प्रश्न मिटतो.

जागा आणि रिकाम्या ओळी

शाळेत आपल्याला परिच्छेदाची पहिली ओळ थोडी आत सरकवून लिहायला शिकवलेलं असतं, आणि डीटीपीवाले आजही टॅब मारूनच सुरुवात करतात. मार्कडाउनमध्ये ओळीच्या आधी चार स्पेस किंवा एक टॅब म्हणजे "हा संगणकाचा कोड आहे, याला हात लावू नकोस" अशी सूचना. म्हणून करडी चौकट. तो टॅब पुसा, झालं. पहिली ओळ आत हवीच असेल तर ते काम सीएसएसला सांगा.

उलटा प्रकार रेघेचा. मजकूर संपला की खाली `---` अशी रेघ मारायची सवय असते. वरच्या ओळीला लागूनच ती मारली तर मार्कडाउन वरच्या परिच्छेदाला दुसऱ्या पातळीचा मथळा समजतं. शोकसभेच्या निवेदनाचा शेवटचा परिच्छेद अशा वेळी पानभर मोठ्या अक्षरांत छापून येतो. रेघेच्या आधी एक रिकामी ओळ सोडा. याद्यांच्या आधी, मथळ्यांच्या आधी, तक्त्यांच्या आधीही सोडा. काही कन्व्हर्टर तिच्याशिवाय चालवून घेतात, काही घेत नाहीत, आणि रिकामी ओळ कुणालाच खुपत नाही.

हॅशनंतर स्पेस पाहिजे. `#वार्षिक अहवाल` हा मथळा होत नाही, `# वार्षिक अहवाल` होतो.

ओळी जोडल्या जाण्याचं कारणही असंच साधं आहे. नुसतं एंटर मारलं तर मार्कडाउनच्या हिशेबी परिच्छेद चालूच असतो. ओळ तोडायची तर तिच्या शेवटी दोन स्पेस लागतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, आणि फाइल सेव्ह करताना ओळीच्या टोकाच्या स्पेस छाटायची सोय एडिटरमध्ये चालू असेल तर गुपचूप जातात. अभंग काल बरोबर होता, आज कुणी एक काना दुरुस्त केला आणि सगळे चरण एका ओळीत आले, असं झालं तर आधी ही सोय तपासा. मी दोन स्पेसच्या वाटेला जातच नाही. ओळीच्या शेवटी बॅकस्लॅश देतो: कॉमनमार्क हे मार्कडाउनचे काटेकोर नियम पाळणाऱ्या कन्व्हर्टरात एक, जेकिलच्या क्रॅमडाउन या कन्व्हर्टरात दोन. निदान डोळ्यांना दिसतो तरी. "प्रत्येक एंटरला ओळ तोड" असं सेटिंगही असतं, पण ते जुन्या सगळ्या पानांवर लागू होतं. शंभर पानं असलेल्या साइटवर ते नंतर चालू करू नका.

स्टार आणि प्रत्यय

मार्कडाउनमध्ये शब्द ठळक करायला त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन स्टार देतात. त्या स्टारना प्रत्यय चिकटला की होणारा दोष मराठी साइटवर सगळ्यात जास्त वेळा भेटतो. इंग्रजी मदतपानांत याचं उत्तर सहसा सापडत नाही, कारण त्यांच्याकडे शब्द संपला की स्पेस येते. आपल्याकडे ला, चा, त, वर हे शब्दाला चिकटून येतात.

२०१४ मध्ये कॉमनमार्क या नावाने मार्कडाउनचे नियम काटेकोर लिहिले गेले. त्यात मिटणाऱ्या, म्हणजे ठळक मजकूर संपवणाऱ्या, स्टारसाठी अट आहे: स्टारच्या लगेच आधी विरामचिन्ह असेल, तर स्टारनंतर स्पेस किंवा दुसरं विरामचिन्हच यायला हवं. अक्षर आलं तर तो स्टार मिटणारा धरला जात नाही. आता हे बघा:

`**बेळगाव**ला` चालतं. स्टारच्या आधी अक्षर आहे.

`**(येळ्ळूर)**ला` चालत नाही. आधी कंस, नंतर ल.

`**"सीमाभाग"**चा` चालत नाही. आधी अवतरणचिन्ह.

`**स्थळ:**मराठी शाळा` हेही नाही. आधी विसर्गासारखा तो कोलन, नंतर जागा न सोडता म.

म्हणूनच एकाच पत्रिकेत "वेळ" ठळक होतं आणि "स्थळ" स्टार घेऊन बसतं. एका ठिकाणी टाइप करणाऱ्याने कोलननंतर स्पेस दिलेली असते, दुसरीकडे नाही. दुरुस्ती सोपी. कंस आणि अवतरणं स्टारच्या बाहेर काढा, `(**येळ्ळूर**)ला` असं लिहा, नाहीतर प्रत्ययासकट सगळं आत घ्या. कोलननंतर स्पेस द्या. स्टार आणि शब्द यांच्यामध्ये आतल्या बाजूने स्पेस मात्र सोडू नका, `** येळ्ळूर **` कधीच ठळक होत नाही.

स्टारऐवजी अंडरस्कोर वापरणाऱ्यांची गत अजून वाईट. `_शिनोळी_ला` यात विरामचिन्ह नसूनही अंडरस्कोर तसाच राहतो, कारण शब्दाच्या पोटातला अंडरस्कोर कॉमनमार्क मोजतच नाही. मराठीत अंडरस्कोर वापरूच नका.

"जुन्या साइटवर हाच मजकूर चालत होता की हो" असं कुणी म्हणालं तर तेही खरं असू शकतं. ग्रूबरच्या मूळ स्क्रिप्टला स्टारच्या बाहेर कुठलं अक्षर आहे याच्याशी देणंघेणं नव्हतं. साइट नव्या साधनावर नेली की हे दोष एकदम वर येतात.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या मजकुराचा वेगळा त्रास आहे. तिथे ठळकसाठी एकच स्टार असतो, मार्कडाउनमध्ये एक स्टार म्हणजे तिरकं. देवनागरी तिरकी केली की वाचवत नाही, हे माझं मत. एकाचे दोन करून घ्या.

अंक

पतसंस्थेच्या वार्षिक सभेची नोटीस घ्या. "१. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. २. अहवाल सालाचा जमाखर्च मंजूर करणे. ३. ऐनवेळी येणाऱ्या विषयांवर चर्चा." फाइलीत प्रत्येक विषय वेगळ्या ओळीवर असतो, पानावर सगळे एका परिच्छेदात. कारण यादीचा क्रमांक म्हणून मार्कडाउन फक्त इंग्रजी अंक ओळखतं. देवनागरी अंक त्याला नुसतं अक्षर वाटतं. आपल्याकडे पानं दोन भाषांत असतात, तर कन्नड अंकांचंही तेच होतं. फाइलीत इंग्रजी अंक टाइप करा आणि सीएसएसमध्ये यादीचा प्रकार देवनागरी ठेवा. ही सोय सगळ्या चालू ब्राउझरांत आहे. पानावर १, २, ३ दिसतं, कन्नड पानासाठी तसाच कन्नड प्रकार आहे.

याच्या उलट दोष जास्त घातक, कारण तो चटकन लक्षात येत नाही. गावाच्या इतिहासाची सनावळी इंग्रजी अंकांत लिहिली आणि प्रत्येक सनानंतर टिंब दिलं, समजा:

१९२४. गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन.
१९४६. बेळगावात मराठी साहित्य संमेलन.
१९५६. राज्य पुनर्रचना, बेळगाव म्हैसूर राज्यात.

अंक इंग्रजी असतील तर ही मार्कडाउनला यादी वाटते. यादीचा पहिला आकडा ते मानतं, पुढचे आकडे स्वतः मोजतं. पानावर छापून येतं १९२४, १९२५, १९२६. सीमाभागातल्या वाचकाला १९५६ हा आकडा झोपेतही ठाऊक असतो, त्यामुळे फोन येतोच. पण आकडे कमी परिचयाचे असले तर चुकीची सनावळी वर्षानुवर्षं तशीच राहू शकते. टिंबाच्या आधी बॅकस्लॅश द्या, किंवा टिंबाऐवजी कोलन वापरा, किंवा सन देवनागरी अंकांत लिहा.

फाइलीचं डोकं

शीर्षक, तारीख वगैरे ज्या भागात असतं त्या फ्रंट मॅटरच्या वर आणि खाली तीन आडव्या रेघा असतात, आणि वरच्या रेघा फाइलीच्या अगदी पहिल्या ओळीवर लागतात. फोनवर किंवा वर्डमध्ये टाइप केलं की दोन रेघांची आपोआप एक लांब रेघ होते, मग साधनाला डोकं सापडत नाही आणि तो सगळा भाग मजकूर म्हणून छापला जातो. जेकिलमध्ये फ्रंट मॅटर सापडलं नाही तर फाइलीचं रूपांतरच होत नाही.

शीर्षकात कोलन आणि त्यानंतर स्पेस असेल, "राजहंसगड: एक दिवसाची सहल" असं काही, तर अख्खं शीर्षक अवतरणचिन्हांत ठेवा, सरळ अवतरणचिन्हांत, वळणदार नव्हे. नाहीतर बिल्ड तिथेच अडू शकतो. या भागात टॅबही चालत नाही.

फोटो आणि फाइलींची नावं

विंडोज मोठ्या-छोट्या इंग्रजी अक्षरांत फरक करत नाही, लिनक्स करतं. कॅमेऱ्याने नावाच्या शेवटी मोठी अक्षरं टाकली आणि तुम्ही छोटी लिहिली, तर लॅपटॉपवर फोटो दिसतो, सर्व्हरवर नाही. नावात स्पेस असेल तर कॉमनमार्कमध्ये ती लिंकच होत नाही, कंसांसकट छापली जाते. माझ्याकडे सरळ नियम आहे: फोटोंची नावं छोटी इंग्रजी अक्षरं, अंक आणि आडवी रेघ, बाकी काही नाही. मराठी प्रेम मजकुरात दाखवा.

याला भावनेपलीकडचं कारण आहे. "शेतकऱ्यांची सभा" यातला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो: एक नुक्तावाल्या ऱ पासून, दुसरा साध्या र नंतर हलंत आणि मग एक अदृश्य जोडक देऊन. दिसायला सारखे, संगणकाला वेगळे. एकाने नाव एका कीबोर्डवर दिलं आणि दुसऱ्याने लिंक दुसऱ्यावर टाइप केली की फाइल सापडत नाही, आणि दोन्ही नावं शेजारी ठेवून बघितली तरी फरक कळत नाही.

पानातल्या मथळ्यांकडे नेणाऱ्या लिंकांतही असा घोळ होतो. युनिकोडमध्ये काना-मात्रा ही "अक्षरं" नव्हेत, "चिन्हं" आहेत. फक्त अक्षरं आणि अंक ठेवणारं साधन मथळ्यापासून लिंकचं नाव बनवताना सगळ्या मात्रा गाळतं. अनुक्रमणिका चालेना झाली तर मथळ्यापुढे महिरपी कंसात हॅश देऊन स्वतःचं नाव लिहा. ह्यूगो आणि क्रॅमडाउन दोन्हीत ते चालतं.

न दिसणारी अक्षरं

वरचं सगळं बघून झालं, हॅशनंतर स्पेस आहे, तरी मथळा होत नाही? मग ओळीच्या सुरुवातीला शून्य रुंदीची स्पेस, किंवा हॅशनंतर साध्या स्पेसऐवजी न तुटणारी स्पेस असणार. वर्ड, पीडीएफ, वेबपानं यांतून चिकटवलेल्या मजकुरात ती येतात. व्हीएस कोड अशी बरीच अक्षरं चौकट करून दाखवतो. फाइलीच्या पहिल्याच जागी बीओएम नावाची खूण असू शकते. काही साधनं ती सोसतात, काहींना त्यामुळे फ्रंट मॅटर दिसत नाही. "बीओएमशिवाय यूटीएफ-८" असं सेव्ह करा.

इथे एक इशारा. "सगळी अदृश्य अक्षरं काढा" असं एकगठ्ठा शोधून-बदलू नका. शून्य रुंदीची स्पेस आणि बीओएम बिनधास्त काढा, पण वर सांगितलेला जोडक काढलात तर दुसऱ्या प्रकारे टाइप केलेल्या ऱ्य चं रूप मोडतं आणि त्यावर रफार चढतो. कन्नड मजकुरातही र च्या एका रूपासाठी हाच जोडक लागतो.

मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हंच असतील तर फाइल कधीतरी जुन्या एन्कोडिंगमध्ये सेव्ह झाली आणि मूळ अक्षरं गेली. ती परत येत नाहीत, गिटमधली जुनी प्रत काढा. इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसत असेल तर मजकूर जुन्या डीटीपी फॉन्टातला आहे. त्यातले स्टार आणि अंडरस्कोर मुळात मराठी अक्षरांचे तुकडे असतात. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, मार्कडाउन नंतर.

कन्व्हर्टर खरंच कारण आहे का

इथवर आलात तर फाइलीची प्रत घ्या आणि अर्धा मजकूर उडवून बिल्ड करा. दोष राहिला तर उरलेल्यातला अर्धा उडवा. थोड्याच फेऱ्यांत एक ओळ हातात येते. ती कॉमनमार्कच्या वेबसाइटवरच्या चाचणीच्या खिडकीत टाका. तिथेही बिघडली तर दोष ओळीचा. तिथे बरोबर आली तर तुमच्या साधनाचा किंवा सेटिंगचा.

मग लॅपटॉपवरचं आणि सर्व्हरवरचं व्हर्जन जुळतं का बघा. ह्यूगोने ०.६० मध्ये ब्लॅकफ्रायडे हा कन्व्हर्टर सोडून गोल्डमार्क घेतला, आणि गोल्डमार्क मजकुरातले एचटीएमएल टॅग मुळातच गाळतो. पानावरचा नकाशा किंवा व्हिडिओ गायब आणि सोर्समध्ये त्या जागी "गाळलं" अशी इंग्रजी टिप्पणी, ही त्याची खूण. ते टॅग चालू करायचं सेटिंग आहे, पण त्याला "असुरक्षित" असं नाव दिलंय ते उगाच नाही. मजकूर तुम्ही स्वतःच लिहीत असाल तर करा. सभासदांनी फॉर्ममधून पाठवलेला मजकूर थेट पानावर जात असेल तर करू नका, त्यातून कुणीही स्क्रिप्ट घुसवू शकतो.

इथे थांबा

`# चाचणी` एवढीच ओळ असलेली नवी फाइलसुद्धा मथळा होत नसेल, तर दोष टेम्प्लेटमध्ये किंवा प्लगइनमध्ये आहे. त्या साधनाची माहिती असलेल्या माणसाला बोलवा. व्याजदर, ठेवींची माहिती, पैसे भरायची लिंक अशा पानांवर आकडे बदलताना दिसले तर पान आधी खाली घ्या आणि मग फोन करा, स्वतः प्रयोग करू नका. जुन्या फॉन्टातले नियतकालिकांचे शेकडो अंक एकगठ्ठा बदलायचे असतील, किंवा बिल्ड सर्व्हरच्या चाव्या आणि पासवर्डना हात लावावा लागत असेल, तरीही हे घरचं काम नव्हे.

बोलवाल त्याला पानाचा फोटो काढून पाठवू नका. मूळ मार्कडाउन फाइल, तयार झालेलं एचटीएमएल, बिल्डचा पूर्ण लॉग आणि साधनाचं व्हर्जन पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवरूनच पाठवणार असाल तर फाइल डॉक्युमेंट म्हणून जोडा. मजकूर कॉपी करून मेसेजमध्ये चिकटवलात तर स्टारांचं तिथेच ठळक होतं, आणि जो दोष शोधायचा तोच पुसला जातो.